रोलरखाली हसणाऱ्या दोघी

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या हिवाळ्याचं उलायुकला भारी हसू यायचं. बोटभर बर्फ पडला की शाळा बंद, बसेस बंद, आणि नवरा अनय दोन स्वेटर चढवून हीटरला चिकटलेला. ती जन्मली कॅनडाच्या पार उत्तरेला, इनुइट लोकांच्या एका लहानशा गावात. तिथे समुद्र गोठला की त्याचाच रस्ता व्हायचा. आई जाड लोकरी कापडाचे कोट शिवायची आणि कापताना पडलेल्या चिंध्या उलायुकच्या. त्यातून मासे, अस्वलं, पंख फुटलेल्या बायका कापून ती दुसऱ्या कापडावर टाचून बसवायची. पुढे गावच्या छापखान्यात ती दगडावर चित्र कोरून कागदावर छापायला शिकली.

नागपूरचा डॉक्टर अनय तिथल्या दवाखान्यात एका हिवाळ्यापुरता आला होता. तिच्या कोटाच्या पाठीवरचं अस्वल तो इतका वेळ बघत उभा राहिला, की शेवटी तिनंच विचारलं, "तुला कोट हवाय की मी?"

त्याला दोन्ही मिळालं.

आता साउथहॅम्प्टनला दिवसा हॉस्पिटलच्या शिवणखोलीत पडदे आणि गाऊन शिवायचे आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिनोलियम, म्हणजे फरशीवर अंथरतात तो मऊ पत्रा, कोरत बसायचं, असं तिचं चाललं होतं. दगड नाही तर नाही, लिनोलियमवरही चित्र छान उठायचं. मराठी तिनं अनयकडूनच ऐकून उचललेली, त्यामुळे शब्दांच्या लिंगाच्या नावानं आनंद होता. मे महिन्यात नागपूरहून सासू-सासरे आले, तेव्हा तिनं मोठ्या अभिमानानं भिंतीवर टांगलेलं आपलं कापडी काम दाखवलं.

"आई, हा माझा भिंत."

"माझी भिंत," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि ही भिंत नव्हे, हा पडदा. माझा पडदा. म्हणजे तुझा गं."

दोघींनाही हसू फुटलं. सुनेचं नाव काही सासूबाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी तिची 'उल्का' झाली.

उल्कानं मग त्यांना माहेरचा एक खेळ शिकवला. दोन बायकांनी समोरासमोर उभं राहायचं, एकमेकींचे दंड धरायचे आणि घशातून श्वासाचे आवाज काढत राहायचं. जी आधी हसेल ती हरली. श्यामलाबाई रोज सकाळी कपालभाती करणाऱ्या, दम दांडगा. पण डोळ्याला डोळा भिडला की त्यांच्या पोटात गुदगुल्या सुरू व्हायच्या. बाजूला पेपर वाचणारे सासरे दीनानाथ चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "चालू द्या."

त्याच सुमारास गावातल्या कलामंडळानं जाहीर केलं, की चर्चमागच्या कार पार्कमध्ये रस्त्याच्या रोलरनं मोठाली चित्रं छापायची. ज्याला हवं त्यानं आपलं कोरीव काम घेऊन यावं. उलायुक दाराएवढं लिनोलियम घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलाचं बस्तान हललं. सगळे मांडीवर ताट घेऊन जेवायला लागले. तिनं दोघी कोरल्या. एक टोपीचा कोट घातलेली, एक साडीतली, कपाळाला कपाळ भिडवून हसणाऱ्या, आणि त्यांच्या तोंडातून भराभरा उडणारे पांढरे हंस.

"माझं नाक एवढं?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"थोडा लहान केला मी," उलायुक म्हणाली.

छपाईच्या दिवशी मात्र पंचाईत झाली. सुती म्हणून मागवलेलं कापड निघालं पॉलिएस्टर, त्यावर निळी शाई नुसती घसरायची. राज नावाचा रोलरवाला इंजिन सुरू करून बसलेला, मागे रांग लागलेली. घर पलीकडच्याच गल्लीत होतं. श्यामलाबाई साडी सावरत पळाल्या आणि परतल्या त्या पांढरंशुभ्र कापड घेऊन.

"अगं, हे माझं पूजेचं धोतर," दीनानाथ म्हणाले.

"अहो, शुद्ध सुती आहे म्हणूनच आणलं."

दीनानाथांनी धोतराकडे पाहिलं, सुनेच्या निळ्या हातांकडे पाहिलं. "काठ वाचवा फक्त," ते म्हणाले आणि स्वतःच चुण्या काढायला वाकले.

राजनं रोलर अलगद पुढे नेला, मागे आणला. धोतर उचललं आणि बंदरावरून आलेल्या वाऱ्यानं ते शिडासारखं फुगलं. एक टोक उलायुकच्या हातात, दुसरं श्यामलाबाईंच्या, आणि मध्ये हसणाऱ्या दोघी हंसांसकट हवेत. वारा ओढेल तशा सासू-सून कार पार्कभर धावत सुटल्या. लोक टाळ्या वाजवत बाजूला होत होते. दीनानाथ मागून, "काठ सांभाळा, काठ!" उलायुकला इतकं हसू आलं, की तिला खालीच बसावं लागलं. वारा पडला तेव्हा धोतर दोघींच्या डोक्यावरून होतं आणि श्यामलाबाईंच्या गालावर एक निळा हंस उमटला होता.

ते चित्र उन्हाळाभर लायब्ररीच्या जिन्यात टांगलं होतं. दीनानाथ रोज फिरायला जाताना आत डोकावत आणि कुणी थांबलंच, तर त्याला कापड कुठल्या पेठेतलं ते सांगत. लायब्ररीनं उलायुकला शनिवारचा वर्ग घ्यायला बोलावलं. पहिल्या शनिवारी पुढच्या रांगेत श्यामलाबाई बसल्या होत्या. लोकरी कापडातून त्यांनी एक कावळा कापला. त्याला पाय तीन झाले होते.

"एक कापून टाकू का गं?"

"राहू दे," उलायुक म्हणाली. "पळेल छान."