चव घेण्याची ड्यूटी

मी सुभेदार म्हणून रिटायर झालो. आता भाईंदर पश्चिमेला सोसायटीत राहतो. दारू फारशी पीत नाही, पण दारूची चव घेणं ही नोकरीत माझी ड्यूटी होती. सिव्हिलियन मंडळी हे ऐकून हसतात. हसोत बापडे.

बर्फातल्या पोस्टवर रम आणि घासलेट दोन्ही सारख्याच जेरीकॅनमधून वर येतात. खालच्या कॅम्पात कोणीतरी आळशी माणूस घासलेटचा कॅन बर्फाने खळबळून घेतो आणि त्यातच रम भरतो. म्हणून आमच्या पोस्टवर नियम होता. वाटण्याआधी जेसीओने घोटभर चाखायची. तो 'पास' म्हणाला तर वाटायची, 'फेल' म्हणाला तर ओतून द्यायची. मी तेव्हा नायब सुभेदार होतो, म्हणजे जेसीओ मीच, आणि पोस्ट माझ्या ताब्यात होती.

त्या दिवशी पलटणीचा रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिवस होता. सकाळी ०९०० ला कॅन उघडला. घोट घेतला आणि थुंकलो. घासलेटचा वास सरळ नाकात चढला. मी 'फेल' म्हणालो आणि सगळा कॅन बर्फात ओतायला लावला. अकरा जवानांची तोंडं उतरली. मी रेडिओवर खालच्या पोस्टला गाठलं.

"रम फेल. दुसरा कॅन हवा. ओव्हर."

"कॅन आहे. माणसं पाठवा. ओव्हर."

नाईक सखाराम धुमाळ बूट बांधून उभाच होता. रत्नागिरीचा, माझ्याच गावाकडचा.

"साहेब, मी जातो. रेझिंग डे कोरडा नको."

"दोघांना बरोबर घे. १४०० पर्यंत परत."

१३४० ला ते परत चढत असताना वरच्या उतारावरचा बर्फ सुटला. दोघे बाहेर निघाले. सखाराम तिसऱ्या दिवशी सापडला. भरलेला कॅन पाठीला तसाच बांधलेला होता.

त्याची बायको, सुनंदावहिनी, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्याच्या तारखेला दरवर्षी दुपारी आम्ही त्यांच्याकडे जमतो. मी आणि पालीचा हवालदार पास्कल. बर्फातून निघालेल्या दोघांपैकी तो एक. पद्धत पोस्टवरचीच आहे. आधी मी चाखतो, 'पास' म्हणतो, मग पहिला पेग फोटोसमोर आणि नंतर आमचे. रम पास्कल मिलिटरी कॅन्टीनमधून आणतो.

यंदा टेबलावर दुसरीच बाटली होती.

"भाऊजी, यंदा मी आणली," वहिनी म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा वाइन शॉपची पायरी चढले. तो म्हणाला, आंटी, राय है, पुरानी है, सस्ते में इससे अच्छी नहीं मिलेगी. यांच्यासाठी मी कधी काही आणलंच नाही हो. सुट्टीवर आले की तेच माझ्यासाठी आणायचे."

"चाखा सायब," पास्कल म्हणाला. "थांबायचा न्हाय आता."

राय हे गव्हासारखंच एक धान्य, त्याची व्हिस्की काढतात. हवालदार असताना मी ऑफिसर्स मेसमध्ये होतो, तिथे खरी राय चाखलेली आहे. मिरी चावल्यासारखी जिभेला झोंबते, आणि लाकडी पिंपात मुरलेली असली की मागून गोडसर सुकी चव येते. इथे लेबलवर पिंपाचं चित्र तेवढं होतं. दोन थेंब तळहातावर चोळले. धान्याचा वास यायला हवा होता, नेलपॉलिशचा आला. घोट घेतला. जळका गूळ, खोकल्याचं औषध, आणि घशाखाली उतरताना नुसती आग. रंगसुद्धा वरून घातलेला. त्या दुकानदाराला समोर बसवून अख्खी बाटली पाजावी असं वाटलं. असली घाण शहीद माणसाच्या बायकोच्या गळ्यात मारताना याला काहीच वाटलं नसेल?

फोटोसमोर वहिनींनी ग्लास पुसून ठेवला होता. मी 'फेल' म्हणालो असतो तर बाटली मोरीत गेली असती आणि तो ग्लास रिकामा राहिला असता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"भाऊजी?"

"पास," मी म्हणालो.

वहिनींनी पहिला पेग स्वतःच्या हाताने भरला. एक थेंब सांडला नाही. पास्कलने आपला घोट घेतला, डोळे गच्च मिटले आणि माझ्याकडे बघितलं.

"चांगली हाय, वयनी," तो म्हणाला.

वहिनी हसल्या. इतक्या वर्षांत त्या तारखेला त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं.

चवीच्या बाबतीत मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो, आणि ते किती सोपं निघालं याचीच मला किळस आली. घासलेटच्या वासाची ती रम प्यायले असते तर अकरा जवानांनी मला शिव्या घातल्या असत्या. फार तर दोन दिवस घाण ढेकर दिले असते. 'पास' हाच एक शब्द मी त्या सकाळी ०९०० ला बोलायला हवा होता. नाईक सखाराम धुमाळ तेव्हा एकतीस वर्षांचा होता.