सारवलेल्या भिंती

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावरच्या बातम्या पुसून आज हे लिहितोय. रागावू नका, मन जड झालंय.

हिवतापाच्या पाहणीसाठी आम्ही आरोग्य खात्याच्या लोकांनी शिराळ्याकडच्या दोन वस्त्या घेतल्या होत्या. एकीत घरोघरी डीडीटी फवारलं, भिंतीवर बसलेला डास मरावा म्हणून. दुसरी मुद्दाम तशीच ठेवली. ताप कुठे कमी होतो, ते ताडून बघायचं होतं.

आज सकाळी फवारलेल्या वस्तीत गेलो, तर सगळ्या भिंती शेणानं ताज्या सारवलेल्या! औषध पार झाकून गेलेलं.

पहिल्याच घरातल्या सखूबाई दारात हसत उभ्या होत्या. "तुमी भिंती बघाया येनार म्हनला व्हता न्हवं? समद्या बायांनी मिळून सारवल्या. पंचमीबी आलीच हाय."

मी "छान झालं" म्हणालो. आत त्यांची सून गोधडीखाली कुडकुडत होती.

परतताना दुसऱ्या वस्तीत एका म्हाताऱ्यानं वाट अडवली. "आवं सायेब, आमच्या भिंतीला औषध कवा मारनार?"

या वस्तीला आम्ही औषध दिलं नाही. त्या वस्तीला दिलं, पण भिंत का सारवायची नाही ते सांगितलंच नाही. तुम्हीच सांगा, आता तुलना कशाची करू?