नावाची भांडी

मुर्री गावात आमच्या शेजारी एक मावशी राहत. भांडं हातात आलं की त्या आधी बोटाने टणटण वाजवून पाहत, मग त्यावर कोरलेलं देणाऱ्याचं नाव वाचत. बोलणं रोखठोक. माझं लग्न होऊन पोरं शाळेत जायला लागली, तरी मला त्या ‘नवी’च म्हणत.

मावशींच्या मुलाने त्यांना न्यायला गोंदियात दोन खोल्या घेतल्या, तेव्हा मांडणीभर भांडी तिथे मावणार नव्हती. मावशी अंगणात पोतं घेऊन बसल्या, मी मदतीला गेले. लग्नात बहिणीने दिलेली पाणी भरायची गुंडी त्यांनी सरळ मोडीच्या पोत्यात टाकली. भावाची परातही टाकली. पोचे पडलेली एक वाटी मात्र पुसून न्यायच्या पेटीत ठेवली.

मी विचारलं, "मावशी, हे काऊन ठेवून राहिल्या?"

"हे नाव कोनाचं, मले आठवूनच नाही राहिलं. वाटी मोडीत गेली तं तो मानूस पुरा गेला ना! बहिनीले भुलतो म्हटलं तरी भुलनं होत नाही. तिची गुंडी कायले पाहिजे?"

मग माझ्या नावाचा डबा निघाला. त्यांच्या मुलाच्या लग्नात मी दिलेला. हा पेटीत जाऊ नये, असं मला एकाएकी वाटलं. मावशींनी तो वाजवला, नाव वाचलं आणि पोत्यात टाकला. तो त्यांच्या बहिणीच्या गुंडीवर जाऊन आदळला.

"नवे, बांध आता पोत्याचं तोंड," मावशी म्हणाल्या.