राळ लावलेलं व्हायोलिन

मांडव्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना बाबांनी माझ्या सुटकेसकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर व्हायोलिनच्या पेटीवर होती. "पानी लागू देऊ नको त्याला," एवढंच म्हणाले. मी जर्मनीला व्हायोलिन शिकायला निघाले होते. आई रडत नव्हती, त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

आमच्या थळ गावातून माझ्या बरोबरीचं कुणी दुबईला गेलं, कुणी ट्रॉलरवर. मी गेले व्हायोलिनच्या मागे, आणि पोरगी नक्की काय काम करते हे कोळीवाड्यात सांगताना आईची अजून पंचाईत होते. तुम्ही हसा खुशाल. खत कारखान्याच्या कॉलनीत राहणाऱ्या केरळच्या मॅडमनी मला फुकट शिकवलं नसतं, तर मीही आज मासळीची टोपली घेऊन बसले असते आणि कदाचित शांत झोपले असते.

शिकून झाल्यावर मला तिथेच एका ऑर्केस्ट्रात नोकरी मिळाली. आमचा ऑर्केस्ट्रा सोळा जणांचा, गावोगाव फिरणारा. पुढे उभा राहून काठी हलवणारा कुणी नाही. पहिल्या खुर्चीवरची व्हायोलिनवाली श्वास घेते आणि त्या श्वासावर सगळे सुरू होतात. ती खुर्ची माझी होती. बाबांना हे झटकन कळलं. "म्हंजे तू तांडेल," ते म्हणाले. होडीवर ज्याच्या शब्दावर खलाशी चालतात तो तांडेल. बाबा स्वतः तेच. प्रत्येक कॉन्सर्टआधी माझी बोटं गार पडतात, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. तांडेल घाबरलाय हे खलाशांना कळू द्यायचं नसतं, एवढं आमच्या घरात शिकवावं लागत नाही.

मागच्या हिवाळ्यात टूर मुंबईला आली. कॉन्सर्टच्या आदल्या दिवशी मी थळला गेले. हातातलं व्हायोलिन माझं नव्हतं. एका ट्रस्टने वाजवायला दिलेलं, फार जुनं. खाऱ्या दमट हवेत त्याच्या कडेचा सरस सुटला आणि बारीक फट पडली. असं होतं, मुंबईत कारागीर नीट करून देतो. जेवताना मी तसं बोलले आणि आईबरोबर चौलला मावशीकडे गेले.

परत आले तर बाबांचा चेहरा उजळलेला. होडीच्या फळ्यांत भरतात तसा राळेत भिजवलेला कापूस त्यांनी त्या फटीत ठासून भरला होता आणि वरून गरम राळ फिरवली होती. "आता दर्यात टाकलंस तरी पानी शिरनार न्हाय!"

मी राळेवरून बोट फिरवलं. मी म्हणाले, "झकास झालंय, बाबा."

मुंबईत ते वाजवलं तर उशीत तोंड खुपसून कुणी रडावं तसा आवाज. ट्रस्टने व्हायोलिन परत घेतलं. ते सांभाळता आलं नाही म्हणून माझी खुर्चीही गेली. आता मी शेवटच्या रांगेत बसते, साधं व्हायोलिन घेऊन. करार संपल्यावर बघू, असं मॅनेजर म्हणते. करार नाही तर व्हिसा नाही. मला भीती वाटते, रोज वाटते.

घरी यातलं काही सांगितलं नाही. दर रविवारी बाबा फोनवर विचारतात, "फट उघडली न्हाय ना?" मी म्हणते, "न्हाय बाबा, घट्ट हाय." येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा मुंबईत वाजवणार, आणि त्यांना ऐकायला यायचंय. त्यांच्या नजरेसमोर मागच्या रांगेत बसायचं, या कल्पनेनेच मी तिकिटाचा विषय टाळते.

परवा आईने आपणहून फोन केला. "होरी दुरुस्तीला किनाऱ्यावर वढलीय, पन तुझा बाबा राळेला हात लावत न्हाय. दुसऱ्याकडून करून घेतो."

"का गं?"

"मागच्या खेपेला तू गेल्यावर तुझ्या मॅडमना इचारून आला, बरोबर केलं का म्हनून. आला नि त्यानं राळेचं भांडं माळ्यावर टाकलं. तवापासून असाच हाय. मी सांगितलं म्हनू नको."

म्हणजे राळेने व्हायोलिन बिघडलं हे वर्षभर त्यांना माहीत होतं. वर्षभर ते विचारत होते आणि माझं खोटं ऐकून घेत होते.

इथे कुणी घर कुठे म्हणून विचारलं की मी थळ सांगते, पण माझं घर आता तो रविवारचा फोन आहे, आणि तोही तुटेल की काय म्हणून मी घाबरते. या रविवारी बाबांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. मग कितीतरी वेळ आम्हा दोघांनाही फोन ठेवायचा धीर होईना.