दहा दिवसांची पाटी

लेकरांनो, उन्हाळ्याच्या सुरुवातीला सलग दोन रविवार मी फोनवर तुमच्यासमोर नुसता हात हलवत होते आणि आजोबा सांगत होते की आजीचा घसा बसलाय. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. धाकटीनं तेव्हा विचारलं होतं, आजी घाबरलीय का? आजोबांनी विषय बदलला. तिचं उत्तर राहून गेलं, म्हणून हे लिहिते आहे.

होय, आजी फार घाबरली होती.

माझ्या स्वरयंत्रावर एक पांढरा चट्टा निघाला होता. डॉक्टरांनी भूल देऊन तो काढला, तपासायला पाठवला आणि बजावलं की दहा दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं उलट जास्त ताण पडतो. अकराव्या दिवशी सकाळपासून बोलायची परवानगी होती आणि त्याच दिवशी दुपारी चारला रिपोर्ट मिळणार होता. कशाचा संशय आहे ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आजोबांनी बाजारातून पाटी-पेन्सिल आणली. मी सवयीनं वरच्या कोपऱ्यात तारीख घातली. शेजारी विचारपूस करायला आले, तर आजोबा त्यांना म्हणाले की लग्नानंतर पहिल्यांदाच चहा गरम असताना पिऊन होतोय. सगळे हसले. मीही हसले, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटी पुसताना मला माझंच एक जुनं वाक्य आठवलं आणि पाटी अर्धी पुसलेलीच राहिली.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक विधवा बाई आहे. घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते. तीन वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा काविळीनं गेला, ऐन बाविशीत. दफनाहून परतल्यावर तिच्या घरी प्रार्थना होती आणि महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून ती मी चालवत होते. प्रार्थना चालू असतानाच ती मोठ्यानं रडू लागली. गावाकडच्या बायका रडतात तशी, एकेक आठवण काढून, सूर धरून. सगळा क्रम विस्कटला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून सर्वांसमोर म्हणाले, "आपण ख्रिस्ती माणसं. देव आपल्या लेकरांना शिस्त लावतो. ती मुकाट्यानं स्वीकारायची असते."

ती तत्क्षणी गप्प झाली. मी पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. प्रार्थना वेळेत संपली याचं मला घरी येताना समाधान वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

आता देवानं माझं तोंड बंद केलं होतं. रिपोर्टची भीती होतीच, पण या हिशोबाची भीती तिच्याहून मोठी होती. डोळे मिटून प्रार्थनेला बसले की मनातल्या मनातही शब्द फुटत नसत. शेवटी मी एक सौदा केला. अकराव्या दिवसाच्या आत त्या बाईची क्षमा मागायची, म्हणजे रिपोर्ट चांगला येईल. देवाशी सौदा करू नये असं मीच तुमच्या आईला शिकवलं होतं.

सहाव्या दिवशी महिला मंडळ माझ्यासाठी प्रार्थना करायला घरी आलं. ती बाई सगळ्यांच्या मागून आली आणि दाराशी बसली. तीन वर्षांत ती माझ्या घरी आली नव्हती. माझं वाक्य ती आता मलाच ऐकवणार, या धास्तीनं मी पदराचं टोक मुठीत आवळून बसले होते. एकेकीनं प्रार्थना केली. तिनं नाही केली. बाकीच्या निघाल्या, आजोबा त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले, तरी ती उठली नाही.

मी आतून पाटी आणली. आदल्या दिवशीच दोन्ही बाजू भरून लिहून ठेवली होती. तिनं ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली.

"चष्मा न्हाय आणला, बाई. आणि आणला असता तरी तुमचं जोडून लिहिल्यालं मला कुटं वाचता येतंय?"

मी बोलायला तोंड उघडलं. तिनं पटकन उठून माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला मशीनच्या तेलाचा वास होता.

"डॉक्टरनं सांगितलंय न्हवं गप बसायला? त्या दिशी तुमी मला गप केलं. आता मी बोलते, तुमी ऐका की."

आणि ती तिच्या मुलाबद्दल बोलू लागली. कडक भाकरी चहात बुडवून खायचा, तेव्हा कपात चुरा राहायचा आणि ती रागवायची. शेवटच्या आठवड्यात त्याला चहा चालत नव्हता, तरी कप मागायचा, नुसता हातात धरायचा. बोलता बोलता ती रडली, त्याच सुरात. मला तिला थांबवता येत नव्हतं, धीर देता येत नव्हता, बायबलमधलं एखादं वचनही सांगता येत नव्हतं. आजोबा परत आले आणि दारातूनच मागे वळले. तासभर मी ऐकत होते. त्या मुलाला मी चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत शिकवलं होतं, पण तो मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

अकराव्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. सौदा मनातून पुरता गेला होता असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. ती मशीनवर होती. माझा आवाज खरखरीत, अनोळखी निघाला. म्हणाले, "मी चुकले. ते देवाचं बोलणं नव्हतं, माझं होतं."

तिनं मशीन थांबवलं. "एवढंच? पाटीवर तर लई लिहिलं हुतं."

मग तिनं चहा ठेवला.

रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला नाही. पेशी मात्र सरळ नाहीत. डॉक्टर म्हणाले, आज नाही, पुढचं सांगता येत नाही, दर तीन महिन्यांनी दुर्बिणीतून बघत राहायचं. तेव्हा भीती गेली असं समजू नका. ती रोज सकाळी माझ्याबरोबर उठते.

माझं तोंड बंद होणं ही देवाची शिस्त होती, असं मी मानते, आणि ती मला हवी होती असं नाही, पण मी घेतली. तिचा मुलगा का गेला ते मात्र मला ठाऊक नाही. ते मी सांगायला नको होतं.

मंगळवारी पुन्हा तपासणी आहे. पिशवीत फाइल, पाण्याची बाटली आणि पुन्हा गप्प राहायला सांगितलं तर म्हणून पाटी भरून ठेवली आहे. ती बाई सोबत येणार आहे. तिला वाचता यावं म्हणून मी हल्ली अक्षरं सुटी सुटी लिहायची सवय करते आहे. वेळ लागतो, पण जमतं.