कानामागची चामखीळ

वस्तरा कानाजवळ आला तरी काका डोळे मिटून निवांत बसले होते. जुनं गिऱ्हाईक, पण दोन महिन्यांनी आले होते. समोर एसीवालं सलून झाल्यापासून माझी खुर्ची रिकामीच असायची. "असंच चाललं तर तू गावाकडं जा," मालक म्हणाले होते. सातवीत शाळा सोडलेला मी तिकडं जाऊन काय करणार?

"समोर तिथं थंडगार आहे रे," काका म्हणाले, "पण दर वेळी सांगावं लागतं, कानामागं चामखीळ आहे म्हणून."

मी न विचारताच वस्तरा चामखिळीला वळसा घालून नेला. माणसाला बहुतेक एवढंच हवं असतं, आपली दुखरी जागा कुणीतरी लक्षात ठेवावी. बरं वाटायला हवं होतं, पण मालकांच्या त्या बोलण्यापासून आत सगळं बधिर होतं.

"रविवारी नातवाला आणतो," म्हणून काका गेले. मी खुर्ची पुसली, आणि पुसलेलीच पुसत राहिलो.