सही होती, अपडेट नव्हतं

मला फसवलं ते इंदूरच्या तुकोगंजातल्या एका कम्प्युटर इंजिनियरने. दर महिन्याला यायचं, माझ्या सायबर कॅफेतल्या सहाही कम्प्युटरांचे ब्राउझर उघडून बघायचे आणि त्यांचे प्लगइन नवे करून जायचं, असं आमचं ठरलं होतं. तो यायचा, पोहे खायचा, सही करायचा आणि जायचा. बाकी काही करायचा नाही. हे मी रागात लिहीत नाही. राग पुढे आहे.

मिल बंद पडली तेव्हा मी विणाईखात्यात होतो. फाटकावर कुलूप लागल्यावर अर्धं खातं रोज त्या कुलपाचं दर्शन घ्यायला जायचं, जणू खजरान्याचा गणपतीच. मी चार दिवस गेलो, पाचव्या दिवशी धंदा शोधायला लागलो. दोन-तीन धंदे बुडवले आणि शेवटी जुनी इंदूर भागात एका गाळ्यात सहा कम्प्युटर मांडले. इंग्रजी मला तेव्हाही येत नव्हतं. घासाघीस येत होती.

ब्राउझर म्हणजे नुसता माग, हे मी लवकर ओळखलं. चित्र हलायला, गाणं वाजायला, फॉर्म उघडायला त्याला सुटे भाग जोडावे लागतात. ते प्लगइन. आणि ते बनवणारे लोक असे नखरेल की दर महिन्या-दोन महिन्यांनी नवा भाग काढतात आणि जुना चालेनासा करून ठेवतात. इतका माज आमच्या मिलमालकालाही नव्हता. मध्येच पडद्यावर चौकट उघडायची : नवीन आवृत्ती आली आहे, घेऊ का? गिऱ्हाईक घाबरायचं. एक पेन्शनर गृहस्थ तर उठून उभे राहिले. म्हणाले, ‘‘भिया, हा काहीतरी विचारतोय. हो म्हणू, की घरी विचारून येऊ?’’

म्हणून इंजिनियर ठेवला. त्याचे पणजोबा होळकर दरबारात होते, हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मी भाव करताना दोनदा खुर्चीवरून उठलो, एकदा जिना उतरून रस्त्यावर आलो. शेवटी त्याने मागितल्याच्या निम्म्यावर सौदा ठरला. वर त्याला पोहे-जिलबी हवी होती. मी म्हटलं, पोहे दर महिन्याला, जिलबी महिनाआड.

मिलमध्ये प्रत्येक मागाला तारेने एक कार्ड लटकवलेलं असायचं. तेल घातलं, पट्टा बदलला, की फिटरने तारीख घालून सही करायची. तशीच कार्डं मी कम्प्युटरांना लटकवली. लोक हसले. मी मात्र त्या सह्यांकडे बघून निवांत असायचो, कारण मिलमध्ये खोटी सही करायची कुणाची छाती नव्हती. माग अडला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्या फिटरला गळपट्टी धरून साऱ्या खात्यासमोर आणायचा. मी कार्डं आणली. ते खातं मागेच राहिलं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

काही महिन्यांनी चौकटी उघडायच्या थांबल्या. इंजिनियर म्हणाला, ‘‘देखा भिया? मशीन कशी शांत झाली!’’ मीही खूश. बत्तीस वर्षं मागांपुढे काढलेल्या माणसाला शांत मशीनची भीती वाटायला हवी होती.

मग ती आली. माझ्या शेजारच्या मागावर काम करणाऱ्या माणसाची मुलगी. बाप मिल सुटल्यापासून एका गोदामावर चौकीदार. तिला नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. तो इंटरनेटवरच भरायचा होता आणि त्या दिवशी पाच वाजता मुदत संपत होती. कागदपत्रं आदल्या संध्याकाळी हातात पडली होती. ती आली तेव्हा साडेतीन झाले होते.

‘‘काका, फॉर्मच्या जागी नुसती करडी चौकट दिसते.’’

मी तिला दुसऱ्या कम्प्युटरवर बसवलं. तेच. तिसऱ्यावर तेच.

‘‘प्लगइन जुना आहे म्हणतंय. मी राजवाड्याकडच्या कॅफेत जाऊन बघू का?’’

‘‘कशाला? हे कार्ड बघ. परवाच नवा केलाय. बस तू.’’

गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जाणं मला सहन होत नाही. ती बसली. पोरगी हुशार. तिने कुठेतरी दोन बटणं दाबून प्लगइनची माहिती उघडली.

‘‘काका, हा तर गेल्या दिवाळीच्या आधीचा आहे. आणि ती चौकट आपोआप येते ना, ती कुणीतरी बंद करून ठेवलीय.’’

सहाही मशीनवर तसंच होतं. नवा प्लगइन उतरवायला घेतला, तर लाइन एक आणि खेचणारे सहा. मी ओरडून सगळ्यांना उठवलं. एकजण चॅटवर प्रेम जमवत होता, त्याची वायरच काढली. नव्वद टक्क्यांवर लाइन गेली. पुन्हा पहिल्यापासून. फॉर्म उघडला तेव्हा पाच वाजून सहा मिनिटं झाली होती आणि त्यावर एकच ओळ होती, मुदत संपल्याची. पोरगी रडली नाही. ओढणीने कीबोर्डवरची धूळ पुसली आणि गेली. तिचं वय त्या वर्षी बसत होतं, पुढच्या वर्षी बसणार नव्हतं.

सहाही कार्डं घेऊन मी तुकोगंजला गेलो. तो म्हणाला, ‘‘तुम्हीच तर म्हणाला होता भिया, त्या चौकटींचा वैताग येतो.’’

‘‘वैताग बंद कर म्हणालो होतो. काम बंद कर म्हणालो होतो का?’’

‘‘निम्म्या भावात और क्या मिलेगा?’’

मी त्याचं टेबल उलटं केलं. त्याने पोलिसांची भाषा केली. पणजोबा पुन्हा निघाले.

भाव मी पाडला, हे खरं. ती उठत होती तेव्हा बस म्हणालो, हेही खरं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन तिच्या बापासमोर मी हे दोन्ही सांगितलं. त्याने चहा दिला. आज ती एका दवाखान्यात नावं पुकारते.

माझ्या वाटणीचं मी बोलून आलो. इंजिनियर, तुझी वाटणी अजून बाकी आहे. माझ्याकडे येऊ नकोस, मला तुझी माफी नको. तिच्या घरी जा, तिच्यासमोर खाली बस आणि कार्डावर सही केलीस त्या दिवशी माझ्या दुकानात येऊन तू नेमकं काय केलंस, ते तिला सांग.